नाबोथचा द्राक्षमळा: सही कोणाची, ताबा कोणाचा

प्रकरण तसे चार ओळींत सांगता येते. राजाला वाड्यालगतची जमीन हवी होती. मालकाने नाही म्हटले. मालकावर देवनिंदेचा आणि राजनिंदेचा आरोप आला, गावाने त्याला धोंडमार करून मारले, आणि राजा जमिनीचा ताबा घ्यायला गेला. कागद तपासायला कोणी बसले असते तर वरवर त्याला खोट सापडली नसती. उपास रीतसर जाहीर झाला होता, गाव जमला होता, साक्षीदार दोन होते, आरोप कायद्यातला होता आणि शिक्षाही कायद्यात सांगितलेलीच होती.

बायबलमधल्या पहिल्या राजे या पुस्तकाच्या २१व्या अध्यायातली ही हकीकत. काळ इसवी सनापूर्वीचे नववे शतक, राज्य उत्तरेकडचे इस्राएल, राजा अहाब, राणी ईजबेल, मालक इज्रेल गावचा नाबोथ, आणि सगळे उरकल्यावर येऊन उभा राहणारा संदेष्टा एलीया. चर्चमध्ये या अध्यायावर उपदेश होतो तेव्हा रोख बहुतेक वेळा ईजबेलवर असतो: परक्या मुलखातली राणी, बआलाची भक्त, तिने नवऱ्याला नादी लावले. फार सोयीचे वाचन आहे हे. राणीला दोष दिला की राजा सुटतो, गावचे वडीलधारे सुटतात, आणि ऐकणारेही सुटतात. एलीयाने मात्र मळ्यात जाऊन ज्याला धरले त्याने या प्रकरणात एकही पत्र लिहिले नव्हते. त्याने तसे का केले, एवढाच प्रश्न धरून हे प्रकरण इथे तपासले आहे.

राजा आणि जागा

अहाब हा काही गल्लीतला राजा नव्हता. अश्शूरचा राजा तिसरा शल्मनेसर याच्या कुर्ख येथे सापडलेल्या शिलालेखात इ.स.पू. ८५३ मधल्या कर्करच्या लढाईचे वर्णन आहे. अश्शूरविरुद्ध एकवटलेल्या राजांच्या यादीत ‘इस्राएलचा अहाब’ २,००० रथ आणि १०,००० पायदळ घेऊन आलेला दिसतो. रथांचा आकडा फुगवलेला आहे असे काही इतिहासकारांना वाटते, पण त्या यादीत रथांच्या बाबतीत अहाबच सगळ्यांच्या वर आहे. राजधानी शोमरोन येथे उत्खननात हस्तिदंती कोरीव कामाचे शेकडो तुकडे मिळाले. अहाबाने हस्तिदंती घर बांधले असे राजांच्या पुस्तकातही म्हटले आहे. पुढे शंभरेक वर्षांनी आमोस संदेष्टा हस्तिदंती पलंगांवर लोळणाऱ्यांवर तुटून पडतो, तो याच शहरातल्या लोकांवर.

इज्रेल हे या घराण्याचे दुसरे ठाणे. गिलबोवा डोंगराच्या बाजूला, सुपीक खोऱ्याच्या कडेला, पूर्वेकडून येणाऱ्या वाटेवर नजर ठेवणारी जागा. १९९०च्या दशकात डेव्हिड उसिश्किन आणि जॉन वुडहेड यांनी तिथे केलेल्या उत्खननात खडकात खोदलेल्या खंदकाने वेढलेले मोठे तटबंदीचे आवार उघडे झाले. टेकडीच्या पायथ्याशी खडकात कोरलेला द्राक्षरसाचा मोठा घाणाही अलीकडे सापडला. तो नाबोथचाच, असे उत्साहाच्या भरात कोणी म्हणू नये. मात्र इज्रेलला द्राक्षे पिकत होती आणि रस गाळला जात होता, एवढे त्यावरून नक्की म्हणता येते.

आणखी एक गोष्ट लक्षात ठेवायची. अहाबाचा बाप अम्री याने शोमरोनची टेकडी शेमेर नावाच्या माणसाकडून दोन किक्कार चांदी देऊन विकत घेतली होती. आजच्या मापाने ती सत्तरेक किलो चांदी भरते. त्याआधी दावीद राजाने अरवना यबूसी याचे खळे फुकट मिळत असताना नाकारले आणि पन्नास शेकेल चांदी मोजून घेतले. म्हणजे राजाने जमीन हवी असेल तर दाम द्यावा, ही रीत अहाबाच्या घरातच होती. त्याने सुरुवातही तशीच केली.

मागणी आणि नकार

अहाब नाबोथला म्हणाला, तुझा द्राक्षमळा मला दे, माझ्या घराजवळ आहे, मला तिथे भाजीचा मळा करायचा आहे. बदल्यात याहून चांगला मळा देतो, नाहीतर चांदीत किंमत देतो.

कोणताही मध्यस्थ म्हणेल, सौदा वाईट नव्हता. राजा स्वतः विचारायला आला, दमदाटी केली नाही, दोन पर्याय दिले. भाजीचे कारण मात्र मला नेहमी खटकते. यशया संदेष्ट्याच्या पुस्तकाच्या पाचव्या अध्यायात द्राक्षमळा कसा उभा राहतो ते आले आहे: जमीन खणायची, दगड वेचून काढायचे, उत्तम वेल लावायचे, मध्ये बुरूज बांधायचा, कुंड खोदायचे. एवढे केल्यावर वेलाला फळ धरायला वर्षे लागतात. भाजी एका हंगामात कुठेही होते. पिढ्यांचे काम उपटून तिथे वाफे घालायचे, ते केवळ वाड्याच्या दाराशी आहे म्हणून.

नाबोथचे उत्तर एका वाक्याचे आहे. वाडवडिलांचे वतन मी आपणास द्यावे, असे परमेश्वराने माझ्या हातून न घडवो. त्याने किमतीची घासाघीस केली नाही. राजाचा अपमानही केला नाही. ज्या नियमावर तो उभा होता तो बायबलमधल्या लेवीय या नियमांच्या पुस्तकाच्या २५व्या अध्यायात आहे: जमीन कायमची विकायची नाही, कारण जमीन परमेश्वराची आहे आणि तुम्ही तिथे उपरे म्हणून राहता. गणना या पुस्तकाच्या ३६व्या अध्यायात वतन एका वंशातून दुसऱ्या वंशात जाऊ द्यायचे नाही असेही सांगितले आहे. व्यवहारात जमिनी हस्तांतरित होतच असणार, नाहीतर शेमेरने टेकडी विकलीच नसती. पण ज्याला विकायची नाही त्याच्या नकाराला धर्माचा आधार होता, आणि तो नकार राजालाही लागू होता.

राजसत्तेची मर्यादा इस्राएलात आधीच बोलून ठेवलेली होती. लोक शमुवेल संदेष्ट्याकडे राजा मागायला गेले तेव्हा त्याने बजावले होते की राजा तुमची उत्तम शेते, द्राक्षमळे आणि जैतुनाची बने घेईल आणि आपल्या चाकरांना देईल. शमुवेलाचा तो इशारा बोलका आहे, कारण त्याचे स्वतःचे मुलगे न्यायाधीश असताना लाच खात होते आणि त्यामुळेच लोकांना राजा हवासा झाला होता. बायबलमधल्या अनुवाद या पुस्तकाचा १७वा अध्याय तर राजाने घोडे किती ठेवावेत, सोनेचांदी किती साठवावी इथपर्यंत बंधने घालतो, आणि त्याचे मन आपल्या भाऊबंदांपेक्षा वर चढू नये म्हणून नियमशास्त्राची नक्कल जवळ ठेवून रोज वाचायला सांगतो.

अहाब घरी आला आणि तोंड फिरवून पडला, जेवला नाही. ईजबेलने विचारले तेव्हा त्याने जे सांगितले त्यात एक बारीक कारागिरी आहे. आपली मागणी त्याने बरोबर सांगितली. नाबोथचे उत्तर मात्र एवढेच सांगितले की ‘मी माझा मळा तुम्हाला देणार नाही.’ वाडवडील गेले, वतन गेले, परमेश्वराचे नाव गेले. धर्माने घातलेल्या मर्यादेचा प्रश्न होता, तो एका हेकट शेतकऱ्याच्या अडेलपणाचा झाला. वरिष्ठांपुढे टिपण मांडणाऱ्या कुणालाही ही युक्ती ठाऊक असते. खोटे काही लिहायचे नाही, फक्त कारण गाळायचे.

पत्रे

ईजबेल म्हणाली, इस्राएलवर राज्य तुमचेच ना? उठा, जेवा, मळा मी देते. तिने अहाबाच्या नावाने पत्रे लिहिली, त्याच्या मुद्रेने मोहोरबंद केली आणि नाबोथच्या गावातल्या वडीलमंडळींना व सरदारांना पाठवली.

ईजबेल सीदोनच्या राजाची लेक, तिकडे राजाचा शब्द हाच कायदा, म्हणून तिला इस्राएलची रीत कळली नाही, असे स्पष्टीकरण उपदेशांत ऐकू येते. पत्रे वाचली की ते टिकत नाही. इस्राएलचा कायदा तिला पुरेपूर ठाऊक होता. मृत्युदंडाला एक साक्षीदार चालत नाही, दोन लागतात, हे अनुवादाच्या १७व्या अध्यायात आहे. तिने दोन मागवले. देवाची निंदा करू नये आणि लोकांच्या अधिपतीला शाप देऊ नये, हे निर्गमच्या २२व्या अध्यायात एकाच वचनात आहे. तिने आरोप नेमका त्याच जोडीचा केला. देवनिंदकाला वस्तीबाहेर नेऊन सगळ्यांनी धोंडमार करायची, हे लेवीयच्या २४व्या अध्यायात आहे, तसेच झाले. तिने कायदा मोडला नाही. कायद्याची एकेक पायरी वापरली आणि एकच पायरी गाळली: साक्षीदार खोटा आहे का याची न्यायाधीशांनी कसून चौकशी करावी, आणि खोटा निघाला तर जी शिक्षा आरोपीला व्हायची ती त्याला द्यावी. अनुवादाचा १९वा अध्याय. साक्षीदारच ‘अधम माणसे’ निवडा असे पत्रात लिहिले असेल, तर ती चौकशी कोण करणार?

उपासाची कल्पना विशेष होती. संकट आले, कुणाच्या तरी पापाने देवाचा कोप झाला, तेव्हा गाव उपास करतो आणि पाप शोधतो. म्हणजे उपास पुकारताच गावात वातावरण तयार होते की आपल्यात कोणीतरी अपराधी आहे. त्या बैठकीत नाबोथला लोकांपुढे अग्रस्थानी बसवायचे होते. तो मानाचा समजून बसला असेल का, यावर भाष्यकार वाद घालतात. मला तरी ते शक्य वाटते, आणि त्यानेच ते अधिक भयंकर होते.

आता वडीलमंडळींकडे बघू, कारण या प्रकरणाचा गाभा तिथे आहे. ही मंडळी शोमरोनहून नेमलेले हुकमाचे ताबेदार नव्हती. ती नाबोथच्याच गावात राहणारी, वेशीत बसून निवाडे करणारी माणसे होती. नाबोथला आणि त्याच्या मळ्याला ती ओळखत होती. त्याच्या बापालाही ओळखत असणार. पत्रात सरळ लिहिले होते की दोन नालायक माणसे बसवा आणि त्यांच्याकडून साक्ष घ्या. आरोप खरा आहे असे वाटण्याची सोयसुद्धा त्यांना ठेवलेली नव्हती. तरी कोणी शोमरोनला जाऊन विचारले नाही, कोणी आजारी पडला नाही, कोणी दोन दिवस लांबवले नाही. लेखक पुन्हा पुन्हा सांगतो: पत्रांत जसे लिहिले होते तसे त्यांनी केले.

आणि एक धागा फार थोड्यांच्या ध्यानात येतो. पत्रे अहाबाच्या नावाने, अहाबाच्या मुद्रेने आली होती. काम झाल्यावर निरोप मात्र त्यांनी ईजबेलला पाठवला: नाबोथला धोंडमार झाली, तो मेला. म्हणजे पत्र खरे कुणाचे आहे हे सगळ्या गावाला माहीत होते, सही कुणाची दाखवायची हेही माहीत होते, आणि हे माहीत आहे असे कुणी बोलायचे नाही हेही ठरलेले होते. शमुवेलाने सांगितलेले इथे आठवावे: हिसकावलेली शेते राजा आपल्या चाकरांना देतो. या सरदारांच्या जमिनी कुठून आल्या होत्या याबद्दल ग्रंथ काही सांगत नाही.

नाबोथ मेला म्हणून त्याची जमीन राजाची कशी झाली? नियमशास्त्रात तसा नियम कुठे नाही. राजद्रोह्याची मालमत्ता राजाकडे जाण्याची वहिवाट असावी, असा एक तर्क आहे. दुसरे उत्तर दुसऱ्या राजे पुस्तकाच्या नवव्या अध्यायात सहज येऊन जाते. तिथे नाबोथच्या रक्ताबरोबर त्याच्या मुलांच्या रक्ताचाही उल्लेख आहे. वारसच उरले नाहीत. सातबाऱ्यावरचे नाव कमी कसे होते हे ज्यांनी तालुक्याच्या गावी जवळून पाहिले आहे, त्यांना यापुढे समजावण्याची गरज नाही.

मळ्यात

ईजबेलने अहाबाला निरोप दिला: ऊठ, ताबा घे, नाबोथ जिवंत नाही, मेला आहे. कसा मेला हे तिने सांगितले नाही आणि त्याने विचारले नाही. न विचारणे हेच त्याचे या कारस्थानातले काम. आपली मुद्रा वापरली गेली तेव्हा तो कुठे होता, हा प्रश्नही त्याने कुणाला केला नाही.

तो मळ्यात उतरला आणि तिथे एलीया उभा होता.

जागा महत्त्वाची आहे. एलीयाला आज्ञा अशी होती की अहाबाला भेटायला जा, तो नाबोथच्या मळ्यात ताबा घ्यायला गेला आहे. वाड्यावर जा असे नव्हते, वेशीतल्या वडीलमंडळींकडे जा असे नव्हते, राणीकडेही नव्हते. पहिला प्रश्नही ठरवून दिला होता: तू खून केलास आणि वर ताबाही घेतलास काय?

अहाबाकडे बचाव भरपूर होता. पत्र मी लिहिले नाही. निवाडा गावाने केला. साक्ष दोघांनी दिली. दगड लोकांनी मारले. मी तर उपाशी पडून होतो. आजच्या कोणत्याही न्यायालयात यातल्या प्रत्येक वाक्यावर वकिलाला तास काढता आला असता. एलीयाने त्यातले काहीच विचारात घेतले नाही. त्याच्या प्रश्नात ‘खून केलास’ हे आधी येते आणि त्याचा पुरावा त्याच वाक्यात पुढे येतो: ताबा. ज्याच्यासाठी झाले, ज्याच्या मुद्रेने झाले आणि ज्याच्या पायाखाली आता ती जमीन आहे, तो खुनी. मधले सगळे हात मोजत बसायचे नाही.

इथे नाथान संदेष्टा आणि दावीद राजा यांचे प्रकरण शेजारी ठेवले की फरक कळतो. दावीदानेही पत्रानेच मारले होते. आपला सैनिक उरीया याला लढाईच्या तोंडावर पुढे करा असे सेनापती यवाबाला लिहिलेले पत्र खुद्द उरीयाच्याच हाती दिले होते. तिथे नाथान वाड्यावर गेला आणि एका गरिबाच्या कोकरीची गोष्ट सांगून दावीदाकडूनच निकाल वदवून घेतला. दावीदाला अजून राग येत होता, म्हणून ती युक्ती चालली. अहाबापुढे एलीयाने दृष्टान्त सांगितला नाही. त्याला मुद्देमालासकट गाठले. अहाबही ‘मला माहीत नव्हते’ असे म्हणाला नाही. तो म्हणाला, माझ्या वैऱ्या, अखेर तू मला गाठलेस ना? हा कबुलीजबाबच झाला.

निकाल असा: जिथे कुत्र्यांनी नाबोथचे रक्त चाटले तिथेच ती तुझेही चाटतील, तुझे घराणे आधीचे राजे यराबाम आणि बाशा यांच्या घराण्यांसारखे निर्वंश होईल, आणि ईजबेलला इज्रेलच्या तटापाशी कुत्री खातील.

जे एलीया बोलला नाही

दोन गोष्टी मला या निकालात सलतात.

पहिली, गावच्या मंडळींविरुद्ध एक शब्द नाही. त्यांच्या हातूनच सगळे झाले आणि त्यांचे नावसुद्धा नोंदलेले नाही. ही उणीव भरून काढली ती पुढच्या शतकातल्या संदेष्ट्यांनी. यशया दहाव्या अध्यायात अन्यायाचे ठराव ठरवणाऱ्यांचा आणि जुलमाचे लेख लिहिणाऱ्यांचा धिक्कार करतो. राजाच्या बरोबरीने लेखणी धरणाराही तिथे आरोपी आहे. पहिल्या अध्यायात तो यरुशलेमच्या सरदारांना चोरांचे सोबती म्हणतो; जो तो लाचेचा लोभी, अनाथाला न्याय नाही, विधवेची फिर्याद त्यांच्यापर्यंत पोचतच नाही. आमोस वेशीत गरिबाचा न्याय मोडणाऱ्यांना आणि लाच घेणाऱ्यांना पकडतो, म्हणजे थेट नाबोथच्या वडीलमंडळींच्या बाकावर हात ठेवतो. मीखा तर कोणालाच सोडत नाही: पुढारी लाच घेऊन न्याय करतात, याजक मोल घेऊन शिकवतात, संदेष्टे पैसा घेऊन भविष्य सांगतात, आणि वर म्हणतात की परमेश्वर आमच्यात आहे, आमच्यावर अरिष्ट येणार नाही.

मीखाच्या दुसऱ्या अध्यायाची सुरुवात वाचताना नाबोथ आठवल्याशिवाय राहत नाही. अंथरुणावर पडल्या पडल्या दुष्ट बेत करणारे, उजाडताच ते तडीस नेणारे, कारण सत्ता त्यांच्या हाती आहे. शेतांचा लोभ धरून ती हिसकावणारे, माणसावर आणि त्याच्या वतनावर जुलूम करणारे. सहाव्या अध्यायात तो अम्रीचे विधी आणि अहाबाच्या घराण्याची कृत्ये नावानिशी काढतो. म्हणजे दीडशे वर्षे झाली, राज्य दुसरे, तरी दक्षिणेकडच्या यहूदा राज्यातल्या माणसाला हे घराणे उदाहरण म्हणून पुरत होते.

दुसरी गोष्ट, जमीन परत द्या असे कोणीच म्हटले नाही. एलीयाचे बोल ऐकून अहाबाने कपडे फाडले, गोणपाट नेसले, उपास केला, हळूहळू वावरू लागला. अध्यायातला हा दुसरा उपास. पहिला खोटा होता, हा खरा मानला गेला, आणि अरिष्ट त्याच्या मुलाच्या कारकिर्दीवर ढकलले गेले. मला हा भाग कधीच नीट पचला नाही. गोणपाट नेसून राजा मळा ठेवून घेतो आणि शिक्षा मुलावर जाते. एवढे खरे की लोकांच्या तोंडी ती जमीन शेवटपर्यंत नाबोथचीच राहिली. पुढल्या हकीकतीत तिला ‘नाबोथ इज्रेलकराचे शेत’ असेच म्हटले आहे. परतीचा नियम हवा होता, आणि तो शेवटी बाबेलच्या बंदिवासातल्या यहेज्केल संदेष्ट्याने सांगितला: अधिपतीने लोकांचे वतन घेऊन त्यांना हुसकावू नये, मुलांना द्यायचे असेल तर स्वतःच्या वतनातून द्यावे. ४६व्या अध्यायातले हे वचन मला अर्धवट राहिलेल्या निकालपत्राच्या पुढच्या पानासारखे वाटते.

अभ्यासकांचा एक आक्षेप इथेच नोंदवतो. दोन्ही राजे पुस्तकांतल्या नोंदी तंतोतंत जुळत नाहीत. एका ठिकाणी द्राक्षमळा, दुसरीकडे शेत. एकीकडे पत्रे आणि बैठक, दुसरीकडे पत्रांचा उल्लेख नाही, मुलांचा आहे. २१वा अध्याय आजच्या रूपात बराच उशिरा लिहिला गेला असे काही जण मानतात. कुत्र्यांनी अहाबाचे रक्त चाटले तेही इज्रेलला नव्हे, शोमरोनच्या तळ्यापाशी. या फटी बुजवण्याची मला घाई नाही. खून आणि ताबा या दोन गोष्टींवर दोन्ही नोंदी एकमत आहेत.

पत्रे, दुसऱ्यांदा

अहाब रामोथ-गिलादच्या लढाईत मेला. जाण्यापूर्वी त्याने चारशे संदेष्ट्यांना विचारले होते आणि चारशेही जणांनी ‘जा, जय होईल’ म्हटले. वेगळे बोलणारा एकटा मीखाया कैदेत गेला, भाकर आणि पाण्यावर. भ्रष्ट दरबाराला संदेष्ट्यांची वाण नसते.

अहाबाचा मुलगा योराम याच्यावर सेनापती येहू उलटला. गाठ पडली ती नाबोथच्या शेतातच. येहूने बाण मारला आणि बिदकर या आपल्या सरदाराला सांगितले, प्रेत या शेतात टाक. आपण दोघे अहाबाच्या मागे घोड्यांवर होतो तेव्हा परमेश्वराने काय म्हटले होते ते आठव. ईजबेलला तिच्याच सेवकांनी खिडकीतून खाली ढकलले. भाकीत खरे झाले असे म्हणून बहुतेक वाचक इथे पुस्तक मिटतात.

पुढचा अध्याय वाचायला हवा. शोमरोनमध्ये अहाबाचे सत्तर वंशज होते. येहूने तिथे पत्रे पाठवली. कोणाला? इज्रेलच्या अधिकाऱ्यांना, वडीलमंडळींना आणि त्या मुलांना वाढवणाऱ्यांना. ते घाबरले आणि आम्ही आपले दास आहोत, सांगाल ते करू असे उत्तर दिले. दुसरे पत्र आले: त्यांची डोकी घेऊन उद्या या वेळी इज्रेलला या. त्यांनी सत्तरांना मारून डोकी टोपल्यांत भरून पाठवली. येहूने वेशीजवळ दोन ढीग लावायला सांगितले आणि सकाळी लोकांपुढे उभा राहून म्हणाला, तुम्ही निर्दोष आहात. माझ्या धन्याविरुद्ध कट मी केला, पण या सगळ्यांना कोणी मारले?

तीच वेस, तीच रीत, तेच पद. मोहोर बदलली होती, मंडळींची आज्ञाधारकता नव्हती. अहाबाच्या वेळी त्यांनी निष्पाप माणूस अहाबाच्या नावाने मारला, येहूच्या वेळी अहाबाची नातवंडे-लेकरे येहूच्या नावाने. दोन्ही वेळा पत्रात लिहिले होते म्हणून. त्यानंतर येहूने इज्रेलमधले अहाबाचे सगळे मोठे लोक, त्याचे परिचित आणि याजकही मारून टाकले. नाबोथविरुद्ध बसलेल्यांपैकी कोणी त्यात असेल तर तो मेला, पण नाबोथविरुद्धच्या गुन्ह्यासाठी नव्हे. चुकीच्या पक्षाचा होता म्हणून.

येहूने नाबोथचे नाव वापरले, यात शंका नाही. नाबोथवरचा अन्याय खरा होता, त्याची चीड खरी होती, आणि म्हणूनच ती सत्तापालटाला उपयोगी पडली. राजांच्या पुस्तकाचा लेखक येहूला बरीच शाबासकी देतो. चार पिढ्या गादी टिकेल असे वचनही त्याला मिळते. हाच येहू, किंवा त्याचा दूत, लंडनच्या ब्रिटिश म्युझियममधल्या काळ्या स्तंभावर शल्मनेसरपुढे जमिनीला नाक लावून खंडणी देताना कोरलेला आहे. खंडणीचे साल इ.स.पू. ८४१. गंमत अशी की अश्शूरच्या लेखनिकाने त्याला ‘अम्रीचा पुत्र’ म्हटले आहे, ज्या अम्रीचा वंश त्याने संपवला त्याचाच.

पण संदेष्ट्यांच्या परंपरेने त्याला मोकळे सोडले नाही. येहूचा पणतू दुसरा यराबाम गादीवर असताना, देशात सुबत्ता असताना, होशेय संदेष्ट्याला पहिला मुलगा झाला. त्याचे नाव इज्रेल ठेव असे त्याला सांगण्यात आले, कारण थोड्याच काळात येहूच्या घराण्याकडून इज्रेलच्या रक्ताचा जाब घेतला जाणार होता. यराबामानंतर त्याचा मुलगा जखऱ्या सहा महिने राज्यावर होता. शल्लूमने त्याला लोकांदेखत मारले आणि स्वतः राजा झाला. तो एक महिना टिकला.